रात्री दार कुणाचं वाजवायचं?

प्रति,
मांडव्यापासून रेवदंड्यापर्यंतच्या सर्व ग्रामपंचायतींचे सरपंच आणि सदस्य,
तालुका अलिबाग, जिल्हा रायगड.

विषय: गावात पर्यटकांना भाड्याने दिल्या जाणाऱ्या घरांची आणि बंगल्यांची नोंद.



गेल्या पावसाळ्यातली एका शनिवारची रात्र. दीड वाजला असेल. मागच्या पडवीत कौल सरकून पाणी गळत होतं, म्हणून बादली ठेवायला मी उठले होते. तेवढ्यात पुढचं दार वाजलं. उघडून पाहते तर तिशी-पस्तिशीचा एक माणूस नखशिखान्त भिजलेला, खांद्यावर सहा-सात वर्षांचा मुलगा, मुलाच्या डोक्याला गुंडाळलेला टॉवेल रक्ताने लाल. मागे मुलाची आई, फोन कानाला. ती 108 ला पत्ता सांगत होती. म्हणजे बंगल्याचं नाव सांगत होती, पुन्हा पुन्हा. इंग्रजी नाव, गेटवर कोरलेलं. पलीकडची मुलगी गावाचं नाव विचारत होती आणि या बाईला गावाचं नावच ठाऊक नव्हतं. मोबाईलच्या नकाशावरच्या टिंबाकडे बघत ते ठाण्याहून आले होते, अंधारात पोचले होते. आपण कुठल्या गावात झोपणार आहोत हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

मी फोन घेतला, गाव सांगितलं, शाळेची खूण सांगितली. रुग्णवाहिकेची वाट बघण्याइतका धीर नव्हता, म्हणून शेजारच्या पोराने त्याची इको गाडी काढली आणि आम्ही मुलाला अलिबागला नेलं. पोहण्याच्या तलावाच्या काठाला पाय घसरून डोकं आपटलं होतं. सात टाके पडले. मुलगा बरा आहे, आईचा अजून फोन येतो.

वाटेत मी विचारलं, बंगल्यावर कुणी नव्हतं का? होता, एक एकोणीस-वीस वर्षांचा मुलगा. रात्री दहाला कुलपाची किल्ली पाहुण्यांकडे देऊन तो राहायला दुसऱ्या गावी जातो. मालक मुंबईला, त्यांचा फोन बंद. बुकिंग ज्या कंपनीतर्फे झालं तिच्या नंबरवर ध्वनिमुद्रित आवाज, हे हवं तर 1 दाबा, ते हवं तर 2 दाबा. माझ्या पडवीत दिवा दिसला म्हणून ते माझ्याकडे आले. कौल सरकलं नसतं तर दिवा लागला नसता.

बंगल्याचं आणि आमच्या गावाचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. मांडवा, सासवणे, आवास, किहीम, थळ, वरसोली, आक्षी, नागाव, चौल, रेवदंडा, यांतल्या कुठल्याही गावात ही रात्र येऊ शकते. त्या रात्री आमच्या गावात, आमच्या पाखाडीत, एका छपराखाली 16 माणसं झोपायला आली होती आणि त्यांच्याबद्दल उत्तर देणारं गावात एकही माणूस नव्हतं. ग्रामपंचायतीला ठाऊक नव्हतं, पोलीस पाटलांना ठाऊक नव्हतं, मला शेजारणीला ठाऊक नव्हतं. तेव्हापासून हे पत्र माझ्या मनात आहे.

माझी ओळख सांगते. 31 वर्षं मी जिल्हा परिषदेच्या शाळांत शिकवलं. तुमच्यातल्या दोघा-तिघांनी माझ्याकडे पाढे म्हटले आहेत. निवृत्तीनंतर घरामागच्या दोन खोल्या नीट करून घेतल्या आणि पर्यटन खात्याच्या न्याहारी निवास योजनेत नाव नोंदवलं. वाडीत माड आहेत, पोफळी आहेत, विहीर आहे. पाहुणे येतात, सकाळी घावन आणि चटणी खातात, थंडीत वालाच्या शेंगा आल्या की आम्ही भांबुर्डीचा पाला घालून मडक्यात पोपटी लावतो आणि ते शेकोटीभोवती बसतात. परतताना पांढऱ्या कांद्याची माळ घेऊन जातात. या दोन खोल्यांनी मला म्हातारपणी कुणापुढे हात पसरू दिलेला नाही. म्हणून पर्यटकांविरुद्ध बोलणारी बाई असा माझ्या बोलण्याचा अर्थ कृपा करून काढू नका. पाहुणा हवाच आहे, पण तो कुणाचा पाहुणा आहे ते गावाला कळलं पाहिजे.

गावात आता दोन तऱ्हेची घरं पाहुण्यांना दिली जातात, आणि आपण दोन्हींना एकाच नावाने ओळखतो तिथेच घोटाळा होतो. एक घर माझ्यासारखीचं. त्यात मी राहते. पाहुणा मोठ्याने बोलला तर पहिली झोप माझी मोडते, त्याने पाणी सांडलं तर पहिली विहीर माझी आटते, त्याचं काही दुखलं-खुपलं तर पहिलं दार माझं वाजतं. दुसरं घर त्या बंगल्यासारखं. बांधलेलं राहण्यासाठी, कागदावर राहण्यासाठीच, पण मालक तिथे वर्षात चार रात्रीही झोपत नाही. शुक्रवारी संध्याकाळी एक टोळकं येतं, रविवारी दुपारी जातं, पुढच्या शुक्रवारी दुसरं येतं. ते खरं तर लॉज आहे. फक्त लॉजच्या गल्ल्यावर रात्रभर कुणीतरी बसलेलं असतं, इथे कुणी नसतं.

हा फरक सरकारला कळत नाही असं नाही. केंद्राच्या अतुल्य भारत न्याहारी-निवास योजनेत अटच आहे की खोल्या 1 ते 6, खाटा जास्तीत जास्त 12, आणि मालकाने कुटुंबासह त्याच घरात राहिलं पाहिजे. म्हणजे जो राहतो त्याच्यासाठी योजना आहे, अट आहे, तपासणी आहे. जो राहत नाही तो नुसता मोबाईलवर फोटो टाकतो आणि धंदा सुरू करतो. जिथे धोका कमी तिथे कागद जास्त, आणि जिथे धोका जास्त तिथे कागदच नाही. मला हे उलटं वाटतं आणि ते सुलटं करायची सुरुवात ग्रामपंचायतीतून होऊ शकते असं मला वाटतं.

गर्दी का वाढली ते तुम्हाला मी सांगायला नको. 2020 च्या मार्चमध्ये भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला रो-रो बोट सुरू झाली, माणसं स्वतःच्या गाडीसकट तासाभरात आपल्या दारात उतरू लागली. 12 जानेवारी 2024 ला अटल सेतू उघडला. मधल्या टाळेबंदीच्या काळात पुष्कळांनी इकडे घरं घेतली, मग ती रिकामी ठेवण्यापेक्षा भाड्याने द्यावीत असा विचार केला. यात कुणाचं काही चुकलं असं मी म्हणत नाही. कर्ज फेडायचं असतं, माळ्याचा पगार द्यायचा असतो. पण एकेका मालकाचा साधा विचार जेव्हा अख्ख्या पाखाडीचा होतो, तेव्हा पाखाडी बदलते.

आमची कशी बदलली ते जवळून सांगते. माझ्या विहिरीचं पाणी मे महिन्यातही गोड असायचं. माझ्या सासूबाई म्हणायच्या, या विहिरीवर शेजारच्या चार घरांनी उन्हाळे काढलेत. आता एप्रिल लागला की पाणी मचूळ होतं, डाळ शिजत नाही. किनाऱ्यावर गोडं पाणी म्हणजे खाऱ्यावर तरंगणारा पातळ थर. वरून उपसा वाढला की खालचं खारं वर येतं, हे समुद्राजवळच्या कुठल्याही वाडीवाल्याला ठाऊक आहे. आमच्या पाखाडीत आता तीन बंगल्यांना तलाव आहेत. मी एकाचं माप विचारून घेतलं: 20 फूट लांब, 10 फूट रुंद, 4 फूट खोल. शाळेत मुलांना घालायचे तसं गणित मांडलं. 800 घनफूट, म्हणजे सुमारे 22,600 लिटर. जल जीवन मिशनचा हिशोब माणशी दिवसाला 55 लिटरचा. एकदा तलाव भरायचा म्हणजे 400 माणसांचं एका दिवसाचं पाणी. टँकरने भरला तर दुसऱ्या कुठल्या तरी गावच्या विहिरीतून आलं, बोअरने भरला तर माझ्या विहिरीतून गेलं.

हे पाणी जातं कुठे, हा दुसरा प्रश्न. चार माणसांच्या कुटुंबासाठी बांधलेला शोषखड्डा शनिवार-रविवार 16 माणसांचं सांडपाणी कसा पेलणार? पावसाळ्यात जमीन आधीच तुडुंब असते. मागच्या जुलैत आमच्या पाखाडीच्या तोंडाशी जो वास सुटला होता, तो घंटागाडीवाल्याला विचारा. तो सोमवारी सकाळी येतो तेव्हा पोतीच्या पोती भरलेली असतात, त्यात काचेच्या बाटल्या, थर्माकोलच्या ताटल्या, बाळांचे लंगोट सगळं एकत्र. तो बोलत नाही, हातमोजे घालतो आणि उचलतो. त्या बंगल्याची घरपट्टी किती येते हे मी ग्रामपंचायतीत जाऊन पाहिलं. घरपट्टीच्या रजिस्टरात, नमुना 8 मध्ये, नोंद ‘निवासी’. व्यावसायिक वापराला घरपट्टीचा भारांक जास्त असतो हे तुम्हाला ठाऊक आहे. बुकिंगवरचा जीएसटी सरकारजमा होतो, कंपनीला तिचं कमिशन मिळतं, मालकाला भाडं मिळतं. पोती उचलणाऱ्या ग्रामपंचायतीला निवासी दराची घरपट्टी मिळते.

आवाजाचं थोडक्यात लिहिते, कारण तक्रारी तुमच्याकडे येतच असतात. रात्री 10 ते सकाळी 6 उघड्यावर स्पीकर लावायचा नाही, हा नियम देशभर 2000 सालापासून आहे. नियम नाही म्हणून आवाज होतो असं नाही. बंद कर म्हणायला समोर माणूस नाही म्हणून होतो. आमच्याकडची कोळी माणसं भरतीच्या वेळेप्रमाणे पहाटे तीनला, कधी चारला होडी काढतात. त्यांनी साडेबाराला जाऊन कुणाच्या गेटवर उभं राहायचं?

आणि एक गोष्ट, जी माझ्या जिवाला सगळ्यात जास्त लागते. मी नोकरीला लागले तेव्हा बदली झालेल्या शिक्षकाला गावात खोली मिळायची. गावच बघून द्यायचं. आरोग्य उपकेंद्रातल्या नर्सबाई माझ्याच पडवीशेजारच्या खोलीत नऊ वर्षं राहिल्या, रात्री-अपरात्री बाळंतपणाला धावल्या. दोन वर्षांपूर्वी आमच्या शाळेत एक तरुण बाई रुजू झाल्या. महिनाभर खोली शोधली, मिळाली नाही. ज्याच्याकडे रिकामी खोली आहे त्याचा शनिवार-रविवारचा हिशोब महिन्याच्या भाड्याहून मोठा होतो. त्या आता रोज अलिबागहून ये-जा करतात, साडेचारची एसटी गाठायची असते. शाळा सुटल्यावर मुलं बाईंच्या घरी वही दाखवायला जायची, ते संपलं. यात मीही भागीदार आहे. माझी नर्सबाईंची खोली आज पाहुण्यांची खोली आहे. हे मला बोचतं, म्हणून लिहिते.

बार्सिलोना नावाच्या शहराला हेच दुखणं झालं. तिथे स्थानिकांना राहायला घरं मिळेनात, भाडी आवाक्याबाहेर गेली. जून 2024 मध्ये तिथले महापौर जाउमे कोल्बोनी यांनी जाहीर केलं की पर्यटकांच्या घरांचे सगळे 10,101 परवाने नोव्हेंबर 2028 नंतर नव्याने द्यायचे नाहीत. इतक्या टोकाला आपण जावं असं मी म्हणत नाही, आपल्याकडे तितकं झालेलंही नाही. पण त्यांना आकडा ठाऊक होता. 10,101. शेवटच्या 1 सकट. आपल्यापैकी कुठल्या सरपंचाला आपल्या गावात अशी घरं किती आहेत ते सांगता येईल?

न्यूयॉर्कने वेगळं केलं. सप्टेंबर 2023 पासून तिथे 30 दिवसांहून कमी मुदतीसाठी घर द्यायचं तर शहराकडे नोंदणी हवी, मालकाने पाहुण्यांसोबत त्याच घरात राहायला हवं आणि पाहुणे दोनच. नोंदणी नसेल तर बुकिंग करणाऱ्या कंपनीने पैसे घ्यायचे नाहीत. मला सगळ्यात पटली ती जपानची रीत. त्यांचा कायदा जून 2018 पासून लागू आहे. वर्षाला 180 रात्रींपेक्षा जास्त घर द्यायचं नाही, दारावर नोंदणीचा फलक लावायचा, आणि मालक स्वतः तिथे राहत नसेल तर नोंदणी असलेल्या व्यवस्थापकाकडे घर सोपवायचं, म्हणजे तक्रार कुणाकडे न्यायची ते शेजाऱ्याला कळतं. कायदा लागू व्हायच्या तोंडावर बुकिंगच्या एका मोठ्या कंपनीने नोंदणी नसलेली हजारो घरं आपल्या यादीतून काढून टाकली. आपल्याकडे म्हणतात, या मोठ्या कंपन्या कुणाचं ऐकत नाहीत. नंबर मागणारा कायदा असला की ऐकतात.

आणि नुसता कायदा असून भागत नाही हे बघायला जपानला जायची गरज नाही, गोवा पुरे. तिथे पर्यटकांना राहायची सोय देणाऱ्यांनी पर्यटन खात्याकडे नोंदणी करायची असा कायदा 1982 पासून आहे. तरी नोंदणी नसलेल्या घरांचा आणि बंगल्यांचा प्रश्न तिथे दरवर्षी नव्याने निघतो. पणजीत बसून कुठल्या वाड्यावरच्या कुठल्या घरात पाहुणे उतरलेत ते दिसत नाही. ते गावातल्या माणसालाच दिसतं. म्हणून मी हे पत्र मंत्र्यांना न लिहिता तुम्हाला लिहिते आहे.

तुमच्या हातात परवाना द्यायचा सगळा अधिकार नाही, हे मला कळतं. पर्यटनाची नोंदणी पर्यटन संचालनालयाकडे, राहण्याच्या जागांचे नियम पोलिसांकडे, जमिनीचा वापर महसूल खात्याकडे, समुद्रालगतच्या बांधकामाला सीआरझेडचे म्हणजे किनारा नियमनाचे नियम. प्रत्येकाच्या हातात एकेक दोरा आणि घर कुणाच्याच हातात नाही. परदेशी पाहुणा उतरला तर 24 तासांत त्याची माहिती सरकारकडे भरायची असते, ती मी भरते, कारण मला कुणीतरी सांगितलं होतं. बंगल्यावरच्या त्या मुलाला कुणी सांगितलं असेल का?

पण तुमच्याकडे जे आहे ते त्यांच्यापैकी कुणाकडेच नाही. तुम्हाला घरं ठाऊक आहेत. घरपट्टीचं रजिस्टर तुमचं, नळजोडणी तुमची, घंटागाडी तुमची, ग्रामसभा तुमची. कायदा येईल तेव्हा येईल, यादी उद्या करता येते. येत्या ग्रामसभेत ठराव घ्या की गावात पैसे घेऊन पाहुणे ठेवणाऱ्या प्रत्येक घराने ग्रामपंचायतीकडे नोंद करायची. एका पानाचा अर्ज पुरे: घर क्रमांक, खोल्या, एका वेळी जास्तीत जास्त किती माणसं, पाणी कुठून येतं, सांडपाणी कुठे जातं, तलाव आहे का, त्याला कठडा आणि रात्रीचा दिवा आहे का. आणि शेवटचा रकाना, जो माझ्या मते सगळ्यात मोलाचा आहे: रात्री जबाबदार कोण? मालक राहत असेल तर त्याचं नाव. राहत नसेल तर गावातच रात्री झोपणाऱ्या, हाक मारली तर पंधरा मिनिटांत दाराशी येईल अशा माणसाचं नाव, फोन आणि त्याची सही. हे नाव देता येत नसेल त्या घराने पाहुणे ठेवू नयेत.

नोंद झाली की गेटवर एक फलक लावायला सांगा. मराठीत आणि इंग्रजीत, ठळक, अंधारात दिसेल असा. वर गावाचं नाव, खाली घर क्रमांक, त्याखाली त्या जबाबदार माणसाचा फोन आणि 108. तीच पाटी आत, फ्रीजजवळ किंवा दाराच्या मागे, पाहुण्यांसाठी. सहा इंच बाय बारा इंचाच्या पत्र्याला काही फार खर्च येत नाही. त्या रात्री एवढा पत्रा असता तर त्या बाईला गावाचं नाव सांगता आलं असतं. यादीची एक प्रत पोलीस पाटलांकडे, एक पोलीस ठाण्यात, एक उपकेंद्रात द्या.

नमुना 8 मधला वापर दुरुस्त करा. जिथे मालक राहतो आणि दोन-चार खोल्या देतो, तिथे हात राखून. जिथे कुणी राहत नाही आणि घर बारमाही भाड्याने जातं, तिथे व्यावसायिक दर लावा, कचऱ्याची फी माणसांच्या संख्येवर घ्या, आणि ते पैसे पाण्यावर आणि कचऱ्यावरच खर्च होतात हे ग्रामसभेत वाचून दाखवा. माझ्या दोन खोल्यांना जी फी असेल ती मी भरीन. पण मी आणि सहा खोल्यांचा रिकामा बंगला एकाच दराने मोजू नका.

मला ठाऊक आहे, हे वाचताना माझ्यासारख्या घरगुती खोल्या देणाऱ्या बायका घाबरतील. परवाना म्हटला की आपल्याला खेटे आठवतात, साहेब आज नाहीत हे वाक्य आठवतं, आणि टेबलाखालचा हात आठवतो. ही भीती खोटी नाही. तुमच्यात निम्म्या जागा बायकांच्या आहेत, तुम्ही ती जाणता. म्हणून फी किती, कागद कोणते, किती दिवसांत दाखला मिळणार, हे ग्रामपंचायतीच्या फळ्यावर खडूने नाही, रंगाने लिहा. राज्यात 2015 पासून लोकसेवा हक्क कायदा आहे. हा दाखला त्या कायद्याखालच्या सेवांत घ्यावा आणि त्याला मुदत ठरवून द्यावी, अशी मागणी ठरावातच करा. दाखला अडवून ठेवणाऱ्यालाही उत्तर द्यावं लागलं पाहिजे, जसं पाहुणे ठेवणाऱ्याला द्यावं लागणार आहे.

बंगल्यांच्या मालकांनाही बोलवा. आमच्या पाखाडीतल्या एका मालकांशी मी स्वतः बोलले. ते म्हणाले, माझी जागा, माझे पैसे, मी कुणाला ठेवतो हे गावाने का विचारायचं? चांगला माणूस आहे, गणपतीला वर्गणी देतो. मी त्यांना म्हटलं, जागा तुमची, पण रस्ता, पाणी, हवा आणि रात्र गावाची आहे. ते थोडा वेळ गप्प बसले, मग म्हणाले, माणूस नेमायला मी तयार आहे, पण गावात भरवशाचा माणूस कोण देणार? हा प्रश्न मला आवडला. गावातली चार पोरं, दोन बायका यांनी मिळून हे काम घ्यावं. दहा बंगल्यांचं रात्रीचं जबाबदारीचं काम, ठरलेल्या पगारावर, फोनवर आणि पायांवर. बचत गटांना जमण्यासारखं आहे. आज आपली पोरं बंगल्यांवर बाटल्या उचलतात. त्यांना किल्ली मिळावी, अधिकार मिळावा, आणि आवाज बंद करा असं सांगताना त्यांच्या पाठीशी ग्रामपंचायतीचा ठराव असावा.

ब्रिटिशांनी 1867 मध्ये सरायांसाठी एक कायदा केला होता. माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने, तो आता वकील आहे, तो मला वाचून दाखवला. सरायवाल्याने आपलं नाव नोंदवायचं. खोल्या, गटारं, विहीर स्वच्छ ठेवायची. साथीच्या रोगाचा माणूस उतरला तर पोलिसांना लगेच कळवायचं. राखणदार ठेवायचे. दरपत्रक लावायचं. आणि आवाराजवळच्या ज्या फांद्यांवरून चोर आत-बाहेर करू शकेल त्या छाटून टाकायच्या. फांदीपर्यंत विचार केला होता त्या माणसांनी. वाटसरू अनोळखी गावात झोपतो तेव्हा तो कुणाच्या तरी भरवशावर झोपतो, आणि तो भरवसा कुणाचा हे आधी लिहून ठेवायचं, इतकी साधी गोष्ट त्यात होती. आपण दीडशे वर्षांनी त्याहून मागे का असावं?

ठराव झाले की ते पंचायत समितीला आणि जिल्हा परिषदेला पाठवा, आणि सगळ्या गावांचे एकदमच पाठवा. एका गावाने नियम केला तर धंदा शेजारच्या गावात सरकेल आणि शेजारचा सरपंच खूश होईल, दोन वर्षांनी त्याचीही विहीर मचूळ होईल. किनारा एक आहे, म्हणून पत्र एकाच सरपंचाला न लिहिता सगळ्यांना लिहिलं. राज्य सरकारकडे मागणी एकच करा: ग्रामपंचायतीच्या नोंदीचा नंबर असल्याशिवाय कुठल्याही कंपनीने महाराष्ट्रातलं घर बुकिंगला लावू नये. तो अधिकार तुमचा नाही, पण मागायचा अधिकार तुमचाच आहे.

आमच्या गावच्या ग्रामसभेला मी येणार आहे. माझी पाहुण्यांची जाड वही सोबत आणते, आजवरच्या सगळ्या नावांसकट, रकाने कसे आखायचे ते त्यातून बघता येईल. पाटीही करून ठेवली आहे, गावाच्या सुताराकडून, फणसाच्या लाकडाची. नोंदीची सुरुवात माझ्या घरापासून करा. खोल्या दोन. माणसं जास्तीत जास्त सहा. पाणी घरच्या विहिरीचं, सांडपाणी केळीच्या आळ्याला. तलाव नाही. रात्री जबाबदार: मी स्वतः.

आपली,
पाखाडीतली एक निवृत्त शिक्षिका